दही तुम्ही लावता, पण बनवतं कोण?



दही, ताक, इडली-डोशाचं पीठ असं काही घरून विकायचं ज्यांच्या डोक्यात आहे, त्यांच्यासाठी आजचा लेख. खर्च, किंमत आणि पॅकिंग आपण व्हिडिओत बघितलं. आज त्या कामगारांबद्दल बोलू जे पगार मागत नाहीत, सुट्टी घेत नाहीत, पण मनासारखं वातावरण मिळालं नाही तर अख्खी बॅच वाया घालवतात. म्हणजे जिवाणू, बॅक्टेरिया.

बॅक्टेरिया म्हटलं की आपल्याला आधी फिनाईलची बाटली आठवते. पण २०१६ साली शास्त्रज्ञांनी मांडलेल्या अंदाजानुसार एका माणसाच्या अंगात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात, आणि आपल्या स्वतःच्या पेशी साधारण ३० लाख कोटी. यातले बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात आणि आपल्याला न पचणारा भाजीपाल्याचा चोथा खाऊन जगतात. तुमचा कच्चा मालही त्यांच्याच जिवावर येतो. गाय कडबा खाते, पण त्यातला चोथा तिला स्वतःला फोडता येत नाही. ते काम तिच्या पोटातले सूक्ष्मजीव करतात, म्हणून दूध मिळतं. उडदाचं रोप उपटून मुळं बघा, बारीक गाठी दिसतील. त्यात रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र पकडून पिकाला देतात. तुमच्या इडलीतलं प्रोटीन तिथून सुरू होतं.

आता दह्याकडे येऊ. विरजणातले जिवाणू दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, खातात आणि लॅक्टिक आम्ल सोडतात. आंबटपणा वाढत गेला की दुधातलं केसिन नावाचं प्रोटीन एकमेकांना धरतं आणि दही बसतं. बस, एवढंच. पण हे कोणते जिवाणू करतात यावर तुमचं तापमान ठरतं. आपल्या घरगुती दह्यात लॅक्टोकॉकस जातीचे जिवाणू भरपूर असतात, त्यांना ३० अंशांच्या आसपास बरं वाटतं आणि रात्रभराचा वेळ लागतो. योगर्टमधले दोन, स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस, यांना ४२ अंश लागतात आणि ते चार-पाच तासांत काम उरकतात. यातल्या बल्गेरिकसचा शोध १९०५ मध्ये स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्याने जिनिव्हात लावला, नाव त्यावरूनच पडलं.

म्हणून निफाडकडे डिसेंबरात दही बसत नाही आणि नागपुरात मे महिन्यात दुपारपर्यंत आंबट ढाण होतं. विरजण तेच, आजीच्या हाताचा गुणही तोच, फक्त हवा बदलली. घरी चालून जातं. पण गिऱ्हाईक सोमवारी घट्ट गोड दही घेऊन गेलं आणि गुरुवारी त्याला आंबट पाणी मिळालं, तर ते परत येत नाही. दुकानदार म्हणून सांगतो, गिऱ्हाईक तक्रार करत नाही, सरळ शेजारच्या डेअरीत जातं. तेव्हा पहिली खरेदी थर्मामीटरची करा. बोट बुडवून "कोमट आहे" हे मोजमाप धंद्यात चालत नाही. त्यानंतर गरम राहणारा डबा किंवा इन्क्युबेटर. स्टिकरची डिझाइन नंतर.

विरजणाचं पण ऐका. कालच्या दह्याचा चमचा आज, आजचा उद्या, असं महिनोन्महिने चाललं की त्यात हवेतले, भांड्यातले, हातावरचे इतर जीव शिरतात. चव सरकत जाते. जिवाणूंना मारणारे विषाणूही असतात, बॅक्टेरिओफाज म्हणतात त्यांना. मोठ्या डेअऱ्यांनाही हे सतावतात, म्हणून त्या कल्चर आलटून पालटून वापरतात. तुम्ही ठरावीक दिवसांनी तयार कल्चरच्या पाकिटातून नवं विरजण करा, खर्च फार नाही.

सगळं बरोबर करूनही दही बसलं नाही तर दोन गोष्टी तपासा. एक, भांडी कशाने धुतली? जंतुनाशकाचा अंश राहिला तर ते तुमच्या कामगारांनाही मारतं. दोन, दूध कुठून आलं? गाईला कासदाह झाला की अँटिबायोटिक देतात, आणि ठरलेल्या दिवसांपर्यंत ते दूध विकायचं नसतं. कुणी विकलंच, तर त्यातला थोडासा अंशही विरजण मारायला पुरतो. उकळून तो पूर्ण जात नाही. दूधवाल्याशी हे आधीच स्पष्ट बोलून घ्या, भीड ठेवू नका.

इडलीच्या पिठाला विरजण लागत नाही, कारण जिवाणू डाळ-तांदळाबरोबरच येतात. त्यातला ल्यूकोनोस्टॉक गॅस सोडतो, म्हणून पीठ फुगतं. पाकिटात भरल्यावरही तो थांबत नाही, फक्त थंडीत हळू होतो. म्हणजे पिठाच्या धंद्यात खरा खर्च फ्रीज आणि वेळेत पोचवणं हा आहे. बंगळुरूच्या पी. सी. मुस्तफा आणि त्यांच्या भावंडांनी २००५ मध्ये पिठापासूनच आयडी फ्रेश सुरू केलं. तुमच्या गल्लीतही हाच प्रश्न आहे, फक्त आकडा लहान.

आता मुद्द्याचं. माझ्या बॅचमधल्या एका ताईंनी दह्याच्या स्टिकरचा मजकूर दाखवला: "प्रोबायोटिक दही, पोटाच्या सर्व विकारांवर गुणकारी." बाकी ताईंचं काम एकदम चोख. पण हे मी छापू दिलं नाही.

प्रोबायोटिक हा शब्द मोकळा नाही. पुरेशा संख्येने घेतल्यावर आरोग्याला फायदा करतात असं सिद्ध झालेले जिवंत जिवाणू, असा त्याचा अर्थ. आपल्या अन्न सुरक्षा नियमांप्रमाणे दिवसाच्या मात्रेत ते किमान १० कोटी जिवंत हवेत आणि लेबलवर त्यांची नेमकी जात लिहावी लागते. घरच्या विरजणात कोण किती आहे हे तुम्ही मोजलेलं नाही. आणि "विकार बरे करतो" असा दावा कोणत्याच खाद्यपदार्थावर चालत नाही.

कायदा बाजूला ठेवा. जुलाब लागलेल्या लहान बाळाच्या आईने तुमचा स्टिकर वाचून ओआरएस आणि डॉक्टरऐवजी दह्यावर दिवस काढला तर? त्या घरात काय होईल याची कल्पना करून मग मजकूर लिहा.

"इडली-कढी पण प्रोबायोटिक" असं सांगणारेही भेटतील. इडली वाफवली, कढी उकळली की जिवाणू मेले. त्यांनी केलेलं काम, चव आणि हलकेपणा, शिल्लक राहतं. ते सांगून विका, खुशाल.

ताईंच्या स्टिकरवर शेवटी एवढं राहिलं: गाईच्या दुधाचं दही. घटक: दूध, विरजण. बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं, फ्रीजमध्ये ठेवा, नोंदणी क्रमांक. आणि काउंटरवर कुणी विचारलंच, "पोटाला चांगलं ना हो?" तर उत्तर पाठ करून घेतलं: "जिवंत विरजणाचं ताजं दही आहे काका. दूध ज्यांना पचत नाही त्यातल्या बऱ्याच जणांना दही सोसतं, कारण दुधातली थोडी साखर आधीच खाल्ली गेलेली असते. औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारा."