नवे टायर टाकले आणि गाडीचं अ‍ॅव्हरेज पडलं! असं का होतं?

गेल्या दिवाळीच्या आधी बाबांनी आमच्या गाडीचे चारही टायर बदलले. जुने अगदी गोटा झाले होते, त्यामुळे खर्च टाळण्यासारखा नव्हता. गावाला जाऊन आलो, बाबांनी परत टाकी फुल्ल केली, डायरीत आकडे मांडले आणि त्यांचा चेहरा पडला. आधी लिटरला १८ किलोमीटर देणारी गाडी आता १७ देत होती.

"टायरवाल्याने गंडवलं," हा निकाल तिथेच लागला. दुसऱ्या दिवशी फॅमिली ग्रुपवर काकांनी दोष ई२० पेट्रोलवर टाकला, आत्याने ट्रॅफिकवर. मग बाबा मला म्हणाले, "तू पत्रकार ना? मग शोधून काढ."

शोधलं. टायरवाला बऱ्यापैकी निर्दोष निघाला. पण टायर घेताना आपण सगळेच जो प्रश्न विचारतो, "अ‍ॅव्हरेज चांगलं देईल ना?", तो एकटाच विचारणं थोडं धोक्याचं आहे, हेही कळलं.

आधी मीटरची गंमत बघा

गाडीला रस्ता दिसत नाही. चाकं किती वेळा फिरली यावरून ती किलोमीटर मोजते. आता नव्या टायरच्या नक्षीची, म्हणजे ट्रेडची, खोली साधारण ८ मिलिमीटर असते. टायर बदलायला येतो तेव्हा ती १.६ मिलिमीटरवर आलेली असते. म्हणजे चाकाची त्रिज्या सहा मिलिमीटरहून जास्त घटलेली असते.

आमच्या गाडीचा टायर १६५/८० आर १४ या मापाचा. अनेक छोट्या गाड्यांच्या खालच्या व्हेरिएंटला हाच असतो. नवा असताना त्याचा व्यास सुमारे ६२० मिलिमीटर भरतो, झिजल्यावर सुमारे ६०७. लहान झालेलं चाक तेवढंच अंतर कापायला जास्त वेळा फिरतं आणि मीटर जास्त किलोमीटर दाखवतं. कागदावर हा फरक दोन टक्के येतो. प्रत्यक्षात गाडीच्या वजनाखाली टायर थोडा दबलेला असतो आणि आतला स्टीलचा पट्टा ताणला जात नाही, त्यामुळे तो एक ते दोन टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी राहतो.

याचा अर्थ असा की बाबांच्या डायरीतले जुने १८ थोडे फुगवलेले होते. गाडी तेवढी चाललीच नव्हती! नवे टायर आले आणि मीटर खरं बोलायला लागलं.

जुना टायर खरंच कमी पेट्रोल पितो

पण सगळाच खेळ मीटरचा नाही. सायकलच्या चाकात हवा कमी असली की पॅडल मारताना दम लागतो, हे आपण लहानपणीच शिकलोय. टायर जिथे रस्त्याला टेकतो तिथे तो चपटा होतो, पुढे सरकला की परत गोल होतो. प्रत्येक फेरीत रबर असं दबतं, सुटतं आणि त्यात गरम होतं. ही उष्णता येते शेवटी तुमच्या पेट्रोलमधूनच. या विरोधाला रोलिंग रेझिस्टन्स म्हणतात.

दबायला रबर जितकं जास्त, तितकी ऊर्जा जास्त वाया जाते. नव्या टायरवर नक्षीचा जाड थर असतो, झिजलेल्यावर तो जवळपास संपलेला असतो. अमेरिकेच्या ट्रान्सपोर्टेशन रिसर्च बोर्डाने २००६ मध्ये या विषयावर एक सविस्तर अहवाल काढला होता. टायर नव्यापासून झिजेपर्यंत त्याचा रोलिंग रेझिस्टन्स साधारण २० टक्क्यांनी उतरतो, असं त्यात म्हटलंय. त्याच अहवालातलं दुसरं गणित असं: रोलिंग रेझिस्टन्स १० टक्के कमी झाला, तर इंधन एक ते दोन टक्के वाचतं. (दहा टक्क्यांचे दहा टक्के का वाचत नाहीत? कारण पेट्रोलमधली बहुतेक ऊर्जा इंजिनातच उष्णता होऊन जाते. टायरच्या वाट्याला तिचा छोटा हिस्सा येतो.)

आता बेरीज करा. गोटा टायर काढून नवे टाकले, तर दोन ते चार टक्के खरोखरचं जास्त पेट्रोल आणि एक-दोन टक्के मीटरचा फरक. एकूण तीन ते सहा टक्के. १८ वरून १७ म्हणजे साडेपाच टक्के. टायर कुठल्याही कंपनीचे घेतले असते तरी डायरीत खड्डा पडणारच होता. नवा टायर झिजत जाईल तसं अ‍ॅव्हरेज हळूहळू परत वर येतं, फक्त ते इतकं हळू येतं की कुणाच्या लक्षात येत नाही.

मग सगळे नवे टायर सारखेच?

अजिबात नाही. आणि इथे शोरूमच्या टायरची गोष्ट सांगायला हवी.

नवी गाडी बाजारात आणताना कंपनीला तिचं मायलेज प्रमाणित करून घ्यावं लागतं. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांमध्ये ही चाचणी रोलरवर होते. आपण जाहिरातीत वाचतो तो आकडा यातूनच येतो. शिवाय कंपनीच्या सगळ्या गाड्यांच्या सरासरी कार्बन उत्सर्जनावर सरकारचे कॅफे नियम आहेत. त्यामुळे गाडी बनवणारे टायर कंपनीकडून मुद्दाम कमी रोलिंग रेझिस्टन्सचे टायर मागवतात. वर उल्लेख केलेल्या अमेरिकन अहवालातही हेच दिसलं होतं, की नव्या गाडीसोबत येणारे टायर बदली टायरपेक्षा सरासरी हलके फिरतात.

महागड्या जर्मन गाड्यांच्या टायरवर यासाठी वेगळी खूणच असते. बीएमडब्ल्यूसाठी बनवलेल्यावर चांदणी, मर्सिडीजसाठीच्यावर 'एमओ', ऑडीसाठीच्यावर 'एओ'. आपल्यासारख्यांच्या गाड्यांवर अशी खूण सहसा नसते. त्यामुळे दुकानात तेच नाव, तीच नक्षी दिसली, तरी आतलं रबर तेच असेल याची खात्री धरता येत नाही.

एक ओढलं की दुसरं सुटतं

टायर बनवणाऱ्यांपुढे एक जुना त्रिकोण आहे: कमी इंधन, ओल्या रस्त्यावरची पकड आणि टिकाऊपणा. एक कोपरा ओढला की उरलेले दोन आत जायला बघतात. नक्षी उथळ केली तर टायर हलका फिरतो, पण लवकर संपतो. रबर कडक केलं तर जास्त किलोमीटर चालतो, पण पावसात पकड कमी होऊ शकते. मिशलॅन कंपनीने १९९२ मध्ये काळ्या कार्बनचा बराच भाग काढून त्याजागी सिलिका घातलेला टायर आणला, तेव्हा पकड न गमावता रोलिंग रेझिस्टन्स कमी करणं जमायला लागलं. आज चांगल्या टायरमध्ये सिलिका सर्रास असतं. त्रिकोण मोठा झाला, पण तो आहेच.

आता पैशाचं बघू. समजा गाडी १८ चं अ‍ॅव्हरेज देते आणि टायर ४५ हजार किलोमीटर चालतात. तेवढ्यात २,५०० लिटर पेट्रोल लागेल. टायर बदलल्यामुळे तीन टक्के वाचले तर ७५ लिटर. सोयीसाठी लिटरला १०४ रुपये धरले तर ७,८०० रुपये.

वाईट नाही. पण समजा तो इंधन वाचवणारा टायर ४५ ऐवजी ३० हजार किलोमीटरलाच संपला. वीस हजारांचा सेट असेल तर ४५ हजार किलोमीटरसाठी टायरचा खर्च २० ऐवजी ३० हजार होतो. वाचवलेले ७,८०० गेले आणि वर २,२०० खिशातून. म्हणजे निव्वळ पैशाच्या हिशेबात टायर किती टिकतो हे बऱ्याचदा अ‍ॅव्हरेजवर मात करतं.

टिकाऊपणा आधी ओळखायचा कसा, हा मात्र त्रास आहे. काही टायरच्या बाजूला 'ट्रेडवेअर' या शब्दापुढे ३०० किंवा ४०० असा आकडा असतो. ही अमेरिकन पद्धत आहे. टेक्सासच्या रस्त्यांवर सुमारे ७,२०० मैल गाडी पळवून झीज मोजतात. पण हा आकडा कंपनी स्वतःच देते. त्यामुळे एकाच कंपनीचे दोन टायर ताडून बघायला तो ठीक, दोन कंपन्यांमध्ये फारसा भरवशाचा नाही.

आणि तिसरा कोपरा रुपयांत मोजताच येत नाही. जुलैच्या एखाद्या संध्याकाळी ताम्हिणी घाट उतरताना समोरच्याने कचकन ब्रेक मारला, तर तुमची गाडी किती मीटर पुढे जाऊन थांबते हे ओल्या पकडीवर ठरतं. गोटा झालेल्या टायरचं अ‍ॅव्हरेज सर्वात चांगलं असतं, पण नक्षीच्या खाचांमधून पाणी बाहेर फेकायचं काम तो करूच शकत नाही. 'अजून सहा महिने ओढू, अ‍ॅव्हरेज मस्त देतोय' हे वाक्य म्हणूनच मला आता भीतीदायक वाटतं.

आवाजाचं काय?

नवे टायर टाकल्यावर बहुतेकांना गाडी शांत वाटते. जुना टायर नुसता झिजत नाही, वाकडातिकडा झिजतो. नक्षीच्या ठोकळ्यांची एक कड वर, एक खाली अशी झाली की 'घूंऽऽ' असा आवाज येतो आणि तो थेट बेअरिंग गेल्यासारखा वाटतो. अलाइनमेंट बिघडलेलं असेल तर हे लवकर होतं.

नव्या टायरमध्येही फरक असतो. नक्षीचे ठोकळे सगळे एकाच मापाचे असते तर ठराविक वेगाला एकच सूर लागला असता, म्हणून ते मुद्दाम लहानमोठे ठेवतात. ठोकळे जाडजूड आणि खाचा रुंद असलेला ऑफरोड टायर शहरात वापरला तर तो ओरडणारच. रस्ताही बोलतो. पुणे-मुंबई एक्स्प्रेस वे किंवा समृद्धीच्या काँक्रीटवर जो टायर गोंगाट करतो, तोच डांबरावर गप्प बसतो. त्यामुळे मित्राने 'फार आवाज करतो' म्हटलं, तर तो कुठल्या रस्त्यावर चालवतो ते आधी विचारा.

काही टायरच्या लेबलवर डेसिबलचा आकडा असतो. तो गाडीच्या आतला आवाज नाही! ताशी ८० किलोमीटरच्या वेगाने जाणाऱ्या गाडीचा रस्त्याच्या कडेला उभं राहून मोजलेला तो आवाज आहे. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या कानांसाठी तो कामाचा.

लेबल बघून घेता येतो का टायर?

युरोपात मे २०२१ पासूनच्या लेबलवर इंधन आणि ओली पकड यांना 'ए' ते 'ई' अशी श्रेणी असते, शिवाय बाहेरचा आवाज. टायर किती टिकेल हे मात्र त्यावरही नाही. भारतात एआयएस-१४२ हे मानक आलं. त्यात रोलिंग रेझिस्टन्स, ओली पकड आणि आवाज यांच्या मर्यादा आहेत. नव्या डिझाइनच्या टायरना ते १ ऑक्टोबर २०२२ पासून लागू झालं, आधीपासून बाजारात असलेल्यांना २०२३ पासून. पण ही पास-नापास परीक्षा आहे, मार्क त्यातून कळत नाहीत. फ्रिज-एसीला स्टार देणाऱ्या बीईईचं टायरसाठीही स्टार लेबल आहे आणि ते रोलिंग रेझिस्टन्सवर आधारलेलं आहे. दिसलं तर जरूर बघा, फक्त ओल्या पकडीचं वेगळं विचारा.

माप बदलायचा मोह मात्र आवरा. रुंद टायर 'भारी दिसतो' हे मान्य, पण जास्त रबर, जास्त वजन आणि हवेचा थोडा जास्त विरोध एवढं सगळं सोबत येतं. दुकानदार जास्त व्यासाचा टायर बसवून देत असेल तर मीटर उलट्या दिशेला चुकायला लागतं, स्पीड खऱ्यापेक्षा कमी दाखवू शकतं. कंपनीने त्याच गाडीच्या वरच्या व्हेरिएंटला दिलेलं माप असेल, योग्य रिमसकट, तर गोष्ट वेगळी.

टायरच्या बाजूला चार आकडेही वाचा. '२३२५' म्हणजे २०२५ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला. गोडाऊनमध्ये वर्षानुवर्षं पडलेला टायर नवा म्हणून गळ्यात मारून घेऊ नका. नायट्रोजनला जास्तीचे पैसे मागितले तर साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, एवढं लक्षात ठेवा. आणि फक्त दोनच टायर बदलणार असाल तर नवी जोडी मागे बसवा, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. ओल्या वळणावर मागचं चाक सुटलं की गाडी फिरते आणि ती सावरणं भल्याभल्यांना जमत नाही.

हे सगळं बाबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि तरीही टायरवाल्याकडे गेलेच. त्याने वाद न घालता गेज लावला. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर ३३ लिहिलेलं, चारही चाकांत २८ च्या आसपास हवा. चारही टायरमध्ये सरासरी एक पीएसआय कमी असेल तर इंधन ०.२ टक्के जास्त लागतं, असं अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचं गणित आहे. पाच पीएसआय म्हणजे एक टक्का, तोही आमच्याच हलगर्जीपणाचा, कारण टायर बदलल्यापासून हवा कुणी तपासलीच नव्हती. कमी हवेने टायरच्या दोन्ही कडा लवकर झिजतात, तो भाग वेगळाच.

आता गाडीत साडेतीनशे रुपयांचा गेज आहे. सकाळी गाडी हलवायच्या आधी, टायर थंड असताना, बाबा चारही चाकांपाशी वाकतात. डायरीत अ‍ॅव्हरेजच्या शेजारी एक नवा रकाना आखलाय, त्यावर लाल पेनाने लिहिलंय: हवा. परवाच्या टाकीला १७.३ आले.