वाड्याचा चौक, चौफेर

पुण्याच्या पेठांतील एखादा वाडा पाडून तेथें नवी इमारत उठवावयाचें ठरलें, म्हणजे घरच्या मंडळींना प्रथम आठवण होते ती छायाचित्रांची. आल्बम उघडून पाहावा, तों त्यांत मुंजी, लग्नें, बारशीं सर्व कांहीं सांपडतें. पण ज्या चौकांत हीं कार्यें झालीं, तो मात्र कोणाच्या तरी पाठीमागें हातभर दिसतो. ओसरीचे खांब, तुळशीवृंदावन, माडीचा कठडा आणि माजघराचें दार एकत्र दाखविणारें चित्र बहुधा कोणीं काढलेलेंच नसतें. तें काढावयाचें तर वाडा उभा आहे तोंवरच. आणि त्यास योग्य असा कॅमेरा पुष्कळदां त्याच वाड्यांतील कपाटांत पडून असतो.

आमच्या मनांत आहे तो ब्राउन्श्वाइग येथील फ्रांके आणि हायडेके यांचा दोन भिंगांचा रोलिफ्लेक्स. तो १९२९ सालीं प्रथम निघाला. त्याच्या ७५ मिलिमीटर भिंगाच्या नमुन्यांत १२० क्रमांकाच्या फिल्मवर बारा चौरस चित्रें येतात, व ही फिल्म आजही मिळते. हें भिंग एका वेळीं सुमारें ४१ अंशांचा देखावा टिपतें. म्हणून कॅमेरा तिवईवर थोडा थोडा फिरवीत तुकडे घ्यावयाचे व मागाहून जोडावयाचे, हाच मार्ग. माय्ब्रिज यानें १८७८ सालीं सॅन फ्रॅन्सिस्को शहराचें चौफेर चित्र १३ कांचांवर घेतलें, तें याच रीतीनें.

परंतु माय्ब्रिज टेकडीवर उभा होता व शहर दूर पसरलें होतें. चौकांत खांब जवळ आणि भिंत त्यामागें, ही खरी अडचण. वाचकांनीं एक डोळा मिटून बोट नाकासमोर धरावें व मान फिरवावी. बोट मागच्या भिंतीवरून सरकतांना दिसेल. कारण डोळा मानेच्या कण्यावर नसून त्याच्या पुढें आहे. कॅमेऱ्याचेंही तसेंच. तिवईचा स्क्रू पेटीच्या तळाशीं बसतो, भिंग त्याच्या पुढें राहतें. तें दोन इंच पुढें आहे असें धरलें, तर ३६ अंशांच्या एका वळणांत सव्वा इंच बाजूस जातें. आणि १२ फुटांवरील खांब २४ फुटांवरील भिंतीवर तितकाच सरकलेला दिसतो. मग सांधा जुळवावा कसा? खांब जुळविला तर दाराची चौकट तुटते, चौकट जुळविली तर खांब दुहेरी होतो.

पॅनोरमा हेड म्हणून मिळणाऱ्या बैठकीचें महत्त्व येथें आहे. तिच्या सरकत्या पट्टीवर कॅमेरा मागें घेऊन भिंगच कण्यावर आणतां येतें. ‘नोडल पॉइंट’ हें प्रचारांतील नांव तितकेंसें बरोबर नाहीं. समोरून पाहतां भिंगांतील छिद्र जेथें दिसतें, ती जागा कण्यावर हवी. ती शोधण्यासाठीं, फिल्म भरण्यापूर्वीं, कॅमेऱ्याचें मागील दार उघडून फिल्मच्या जागीं घांसलेली कांच लावावी व खालच्या भिंगाचा पडदा उघडा ठेवावा. दोन हातांवर एक काठी उभी करून ती दूरच्या खांबाशीं जुळवावी आणि कॅमेरा दोहों बाजूंस वळवून पाहावा. काठी खांबावरून सरकेनाशी झाली, कीं पट्टीवर खूण करून ठेवावी. अर्धा तास जातो, पण तो एकदांच. सिंहगडावरून खोऱ्याचें चित्र घेणारास मात्र या पट्टीवर पैसे घालण्याचें कारण नाहीं.

रोलिफ्लेक्ससाठीं त्याच कारखान्यानें काढलेल्या बैठकीस दहा थांबे असत, म्हणजे दर थांब्यास ३६ अंश. कागदावर कात्रीनें जोडणारास तेवढें पुरे. संगणकास अधिक सामाईक भाग लागतो. आम्ही ३० अंशांची शिफारस करूं. चित्राचा चौथाईहून अधिक भाग शेजारच्या चित्रांत येतो आणि बारा चित्रांत फेरी व फिल्म एकदमच संपतात. अर्थात् चुकीस जागा उरत नाहीं. जुन्या कॅमेऱ्यांचा पडदा संथ वेगांवर अडखळतो, तो आधीं साफ करवून घ्यावा. एक फिल्म केवळ चांचणीसाठीं खर्चावी.

तिवईचा कणा पाणसळीनें अगदीं उभा करावा. तो कलला तर कठड्याची सरळ ओळ लाटेसारखी येते. छिद्र १६ वर व अंतर २३ फुटांवर बांधलें, म्हणजे १२ फुटांपासून पुढें सर्व स्पष्ट उमटतें. बाराही चित्रांत अंतर, छिद्र व वेळ एकच हवीं. ऊन चौकांत उतरण्यापूर्वींची सकाळ बरी. कृष्णधवल फिल्म जादा प्रकाश पुष्कळ सोसते, कमी सोसत नाहीं; यास्तव वेळ ओसरीच्या सावलीवरून ठरवावा. प्रत्येक चित्रानंतर आधीं फिल्म पुढें घ्यावी, मग कॅमेरा वळवावा, म्हणजे बसलेला थांबा हलत नाहीं.

घरची माणसें चित्रांत हवींच. त्यांना सांध्यांपासून दूर, एकेका चित्राच्या मध्यावर उभें करावें. आजीबाईंना वृंदावनाजवळ पाटावर बसवावें. मुलांना आपलें चित्र घेऊन होईपर्यंत जागा सोडूं देऊं नये. घेऊन झालें, कीं त्यांनीं पाठीमागून पुढें पळत जाऊन पुन्हां उभें राहावें कीं नाहीं, हें वडील मंडळींनीं ठरवावें. तो मुलगा एकाच चित्रांत दोनदां येईल. फिल्म धुऊन आली, कीं तिच्या पाकिटावर दिशा, तारीख आणि डावीकडून उजवीकडे कोण उभें आहे तीं नांवें त्याच दिवशीं लिहावीं.