भिंतीवरचा तांबडा पट्टा

पावसाळ्यात चुना दिलेल्या भिंतीकडे तुम्ही कधी नीट पाहिले आहे काय? जमिनीलगतचा हातभर भाग चिखलाच्या शिंतोड्यांनी तांबडा झालेला असतो. हा चिखल तिथे कोणी उडवला? पावसाच्या थेंबांनी! पाच मिलिमीटर व्यासाचा थेंब सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगाने जमिनीवर आदळतो. उघड्या मातीचे ढेकूळ त्या माराने फुटते आणि कण सुटे होतात. धुपेची सुरुवात ही अशी होते. ओहोळाचे काम त्यानंतरचे, सुटलेली माती वाहून नेण्याचे.

सौंदडवरून मुंबई–कोलकाता राष्ट्रीय महामार्ग जातो. रस्ता असो, पूल असो की शाळेची नवी इमारत असो, बांधकाम निघाले की आधी गवत-झुडपे जातात. यंत्रांच्या वजनाने जमीन दबते आणि पाणी मुरेनासे होते. समजा, अशा १,००० चौरस मीटर जागेवर ५० मिलिमीटर पाऊस पडला. हे पाणी झाले ५० हजार लिटर! त्यातले बरेचसे उताराने धावत सुटते. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला, तर ते ढकलू शकेल अशा दगडाचे वजन दुप्पट नव्हे, सुमारे ६४ पट होते. कारण ते वेगाच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात वाढते.

म्हणून उतार तोडायचा. आपल्याकडच्या धानाच्या बांध्या आठवा. प्रत्येक धुऱ्याशी पाणी थबकते. बांधकामाच्या जागी उताराला आडवे बांध घालतात ते याच कारणाने. वरून येणारे पाणी चर खणून बाजूने काढून देतात आणि खालच्या टोकाला गाळ बसण्यासाठी खड्डा करतात.

पण खड्डा केला की काम संपले, असे समजू नका. ०.१ मिलिमीटर व्यासाचा वाळूचा कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली यायला सुमारे दोन मिनिटे लागतात. ०.०१ मिलिमीटरच्या कणाला सुमारे तीन तास, तर ०.००२ मिलिमीटरच्या चिकणमातीच्या कणाला तीन दिवसांहून अधिक! व्यास निम्मा झाला की बसण्याचा वेग चौथाई होतो, हा स्टोक्सचा नियम. जोराच्या पावसात खड्डा थोड्याच वेळात भरून वाहू लागतो. वाळू तेवढी मागे राहते, गढूळ पाणी पुढे जाते ते बोडीत, मामा तलावात नाहीतर चुलबंद नदीत. एका हेक्टरवरून एक सेंटिमीटर थर धुपला तर १०० घनमीटर माती जाते. ती सगळी तलावात बसली, तर तेथे जवळजवळ एक लाख लिटर पाणी कमी मावेल. पाऊस लवकर उघडला तर धानाला शेवटचे पाणी याच तलावातून द्यायचे असते.

तेव्हा बारीक कण सुटूच न देणे बरे. त्यासाठी धानाचे तणस उघड्या मातीवर पसरावे. थेंबांचा मार ते स्वतःवर घेते. माझ्या मते हा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि सर्वांत दुर्लक्षितही. शिवाय सगळी जागा एकदम उकरू नये. जेवढे काम पावसाआधी उरकेल, तेवढीच उघडावी.

एक प्रयोग करून पाहा. काचेच्या बरणीत मूठभर माती आणि पाणी घालून जोराने हलवा, मग बरणी खिडकीत ठेवा. दोन मिनिटांनी, तीन तासांनी आणि तीन दिवसांनी तळाशी बसलेल्या थराची उंची कागदाच्या पट्टीवर खूण करून नोंदवा. वरचे पाणी कधी नितळ होते, तेही लिहून ठेवा.