हिमकणांचा छंद लागलेला शेतकरी

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी भिंतीवर एखादी जुनी तसबीर अजून टांगलेली असेल. आजी-आजोबांच्या लग्नाची, एखाद्या बारशाची, किंवा परगावी नोकरीस गेलेल्या काकांनी पाठवलेली. ती काढावयास तालुक्याच्या गावी जावे लागले असेल, नवे कपडे घालून श्वास रोखून बसावे लागले असेल. आता काळ पालटला आहे. मोबाइलमुळे कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आला असून शाळकरी पोरही दिवसाकाठी पन्नास छायाचित्रे सहज काढते. तरीसुद्धा एक तक्रार वरचेवर कानी पडते. "आमच्या खेड्यात छायाचित्र काढण्यासारखे आहे तरी काय? चांगले यंत्र हवे, पैसा हवा, चार देश पाहावयास हवेत, तेव्हा कुठे ही कला साधते!"

या तक्रारीला एका शेतकऱ्याने आपल्या उभ्या आयुष्याने उत्तर देऊन ठेवले आहे. त्याचे नाव विल्सन बेंटली. अमेरिकेच्या ईशान्येस व्हरमाँट नावाचे डोंगराळ राज्य आहे. त्यातील जेरिको या खेड्यात ९ फेब्रुवारी १८६५ रोजी त्याचा जन्म झाला. बायबलमधील प्राचीन नगराचे नाव धारण करणारे हे गाव त्या नगरासारखे उष्ण मात्र नाही. तेथील हिवाळा लांब आणि कडक असतो, आणि शेते महिनोन् महिने बर्फाखाली झाकलेली असतात. वडील शेती करीत व दुभत्या गाई पाळीत. विल्सन व त्याचा थोरला भाऊ यांनी हेच काम पुढे चालवावे, एवढीच घरची अपेक्षा होती.

आईची देणगी

विल्सनची आई लग्नापूर्वी शिक्षिका होती. चौदा वर्षांचा होईपर्यंत विल्सन शाळेत गेलाच नाही. आईनेच त्याला घरी शिकवले. तिच्याजवळ ज्ञानकोशाचे संच होते, ते मुलाने वाचून काढले. शिकवताना वापरलेला एक लहानसा जुना सूक्ष्मदर्शकही तिच्यापाशी होता. विल्सनला पंधरावे वर्ष लागले तेव्हा तो तिने त्याच्या हाती दिला. इतर मुले खेळण्यातल्या बंदुका व गलोली घेऊन हिंडत असता हा मुलगा पाण्याचा थेंब, दगडाचा कपचा, पाखराचे गळून पडलेले पीस, फुलाची पाकळी भिंगाखाली धरून पाहत बसे.

आणि मग एके दिवशी त्याने भिंगाखाली हिमकण धरला. आकाशातून पडणारे बर्फ दुरून कापसाच्या भुग्यासारखे दिसते. परंतु त्यातील एक सुटा कण मोठा करून पाहिला, तर सहा बाजूंचा, सहा पाकळ्यांचा, जाळीदार नक्षीचा असा काही स्फटिक दिसतो की सोनाराने दागिना घडवावा! मुलगा वेडावून गेला. तो त्या नक्षीची चित्रे काढू लागला. पण निम्मे चित्र पुरे होते न होते तोच कण विरघळून जाई. एकदा गेलेली ती नक्षी पुन्हा कुणाच्याच दृष्टीस पडणार नाही, याची त्याला मोठी हळहळ वाटे.

सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून छायाचित्र घेता येते, असे त्याच्या वाचनात आले. त्याच्या आठवणीप्रमाणे तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. त्या सामग्रीची किंमत शंभर डॉलर होती. शेतकऱ्याच्या घरात शंभर डॉलर म्हणजे केवढी रक्कम, हे आमच्या वाचकांना सांगावयास नको. बर्फाची चित्रे काढावयास एवढा पैसा? वडिलांना तो निव्वळ पोरखेळ वाटला. आईने त्यांचे मन कसे वळवले कोण जाणे, पण अखेर पैसे दिले गेले. त्या खर्चाचे चीज झाले असे मात्र वडिलांना शेवटपर्यंत वाटले नाही. मुलगा बर्फात वेळ फुकट घालवतो आहे, असेच ते आणि थोरला भाऊ समजत राहिले.

अपयशाची शाळा

यंत्र आले, पण ते शिकवणार कोण? गावात छायाचित्रण जाणणारा गुरू नव्हता. आरंभीच्या काचांवर अस्पष्ट डागांखेरीज काही उमटेना. पदार्थ अत्यंत जवळून आणि मोठा करून घ्यावयाचा असला, तर त्याचा एक भाग स्पष्ट येतो व बाकीचा धूसर होतो. ही अडचण आजही जवळून फूल वा किडा टिपणाऱ्या प्रत्येकास येते. विल्सनने चुकत-माकत उपाय शोधला. प्रकाश आत सोडणारे छिद्र अगदी बारीक केले, म्हणजे कण कडेपासून कडेपर्यंत रेखीव येतो. पण छिद्र लहान झाले की प्रकाश कमी पडतो; म्हणून काच तितकाच अधिक वेळ, कधी दहा सेकंद तर कधी मिनिटाहूनही जास्त, उघडी ठेवावी लागते. तेवढा वेळ यंत्राने हलता कामा नये आणि कणानेही विरघळता कामा नये.

१५ जानेवारी १८८५ रोजी, विसावे वर्ष पुरे होण्यास काही दिवस उरले असता, त्याला पहिले निर्दोष छायाचित्र मिळाले. त्या यंत्रापुढे गुडघे टेकावेत असे आपणास वाटले, आपल्या आयुष्यातील तो सर्वांत मोठा क्षण होता, असे त्याने पुढे म्हातारपणी सांगितले आहे.

त्याची कामाची रीत पाहण्यासारखी होती. घराला लागून असलेल्या, शेकोटी नसलेल्या खोलीत तो काम करी. कारण उबेची झुळूक आली की सारे संपले. बर्फ पडू लागले की काळ्या रंगाची लाकडी फळी घेऊन तो दाराशी उभा राही. फळीवर कण पडले की भिंगातून झरझर नजर फिरवावयाची. मोडके वा वेडेवाकडे कण पिसाने झाडून टाकावयाचे. एखादा चांगला दिसला की लाकडाच्या बारीक काडीने उचलून काचेवर ठेवावयाचा आणि पिसानेच हलके दाबून सपाट बसवावयाचा. हे सर्व हातमोजे घालून आणि श्वास आवरून. तोंडाची वाफ लागली की कण गेलाच! एवढे करूनही अवधी मिळे तो काही मिनिटांचा. कारण कडक थंडीतही स्फटिकाची टोके हवेत उडून जाऊन बोथट होतात. खिडकीतला उजेड कणातून आरपार कॅमेऱ्यात जाई. कॅमेऱ्याचा भाता इतका लांब पसरावा लागे की मागे उभे राहून पुढची कळ हाताला लागत नसे. त्यासाठी विल्सनने दोरी व चाक यांची जोडणी स्वतःच करून घेतली होती.

छायाचित्र निघाल्यावरही काम संपत नसे. पांढरा कण उजळ पार्श्वभूमीवर उठून दिसत नाही. म्हणून मूळ काच जपून ठेवून तो तिची दुसरी प्रत तयार करी आणि तीवरील कणाभोवतालचा लेप चाकूच्या टोकाने कोरून काढी. मग कागदावर काळ्या आकाशात उगवलेल्या चांदणीसारखा कण दिसे. एकेका काचेस कधी तासन् तास लागत. असे कोरल्याने कणाची कड बदलण्याचा संभव आहे, असा आक्षेप काही शास्त्रज्ञांनी घेतला, आणि तो अगदीच निराधार नव्हता. आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावयास हवी. बेंटली सुबक कण तेवढे निवडीत. आकाशातून पडणारे बहुतेक कण मोडके व ओबडधोबडच असतात. त्यांची चित्रे पाहून "प्रत्येक हिमकण सर्वांगसुंदर असतो" असे कोणी समजू नये.

सहा माणसांची सभा

वडिलांमागे बेंटली त्याच घरात राहिले. त्यांनी लग्न केले नाही. गाई होत्या, शेत होते, आणि पुढे आजारी आईची सेवाही होती. १९०६ साली ती वारली. शेतातला आपल्या वाट्याचा भार उचलूनच त्यांनी आपला छंद चालवला. १८९८ साली व्हरमाँट विद्यापीठातील प्राध्यापक पर्किन्स यांच्या साहाय्याने त्यांचा पहिला लेख एका मासिकात छापला गेला आणि शास्त्रज्ञांचे लक्ष या शेतकऱ्याकडे वळले. पुढे त्यांच्या छायाचित्रांना शाळा-विद्यापीठांतून मागणी येऊ लागली. पडद्यावर दाखवावयाच्या काचा ते अगदी अल्प दराने विकीत.

पण गावाला त्याचे काय? शेजाऱ्यांना वाटे, हा वेडा तरी आहे किंवा मूर्ख तरी. तो गैरसमज दूर व्हावा आणि आपले काम आपल्या माणसांनी पाहावे म्हणून बेंटलींनी एकदा गावात व्याख्यान ठेवले. पडद्यावर चित्रे दाखवणार होते. प्रवेश फुकट होता, संध्याकाळही छान होती. श्रोते आले ते अवघे सहा! ही गोष्ट त्यांनी पुढे कडवटपणा न ठेवता सांगितली. पण सांगितली, यावरूनच ती मनाला किती लागली असेल हे कळते. त्यांनी फळी बाजूला ठेवली नाही. पुढच्या हिवाळ्यात पहिले बर्फ पडू लागले, तेव्हा ते दाराशी उभे होतेच.

बर्फ नसे तेव्हाही त्यांची दृष्टी विसावत नसे. खिडकीच्या तावदानावर गोठलेली नक्षी, पहाटे कोळ्याच्या जाळ्यावर ओवलेले दवाचे मणी, दवाने न्हालेला नाकतोडा, सर्व त्यांनी टिपले. पावसाचे थेंब किती मोठे असतात, हे शोधण्याची त्यांची युक्ती तर कोणत्याही गृहिणीला हसू आणील. ते पसरट भांड्यात इंचभर चाळलेले पीठ पसरीत आणि क्षणभर पावसात धरीत. प्रत्येक थेंबाची पिठात एक गोळी होई. ती वाळली की मोजावयाची! गोळी थेंबाएवढीच असते, हे त्यांनी ठाऊक असलेल्या मापाचे थेंब पिठावर टाकून पडताळून पाहिले. हा अभ्यास १९०४ साली प्रसिद्ध झाला.

१९३१ च्या नोव्हेंबरात त्यांचा 'स्नो क्रिस्टल्स' हा ग्रंथ निघाला. हवामानशास्त्रज्ञ हम्फ्रीज यांनी त्यास साहाय्य केले. त्यात दोन हजारांहून अधिक चित्रे आहेत. आयुष्यभरात त्यांनी पाच हजारांवर हिमकण टिपले होते. ग्रंथ हाती आल्यानंतर थोड्याच आठवड्यांत ते हिमवादळातून पायी घरी आले, त्यातून न्युमोनिया झाला, आणि २३ डिसेंबर १९३१ रोजी, नाताळच्या उंबरठ्यावर, त्यांनी त्याच घरात देह ठेवला.

त्यांची चित्रे पाहून जपानमधील उकिचिरो नाकाया या शास्त्रज्ञाला स्फूर्ती मिळाली, आणि १९३६ साली त्याने प्रयोगशाळेत कृत्रिम हिमस्फटिक वाढवून दाखवला. हवेचे तापमान आणि तीतील ओलावा यांवर कणाचा आकार ठरतो, हे नाकायाने सिद्ध केले. शून्याखाली पंधरा अंशांच्या सुमारास चांदण्या बनतात, तर पाच अंशांच्या सुमारास सुया व स्तंभ. कण खाली येताना वेगवेगळ्या हवेतून जातो, म्हणून प्रत्येकाची नक्षी निराळी. दोन कण सारखे नसतात, असे बेंटली म्हणत. १९८८ साली एका संशोधिकेस दिसावयास सारखे असे दोन साधे स्तंभाकृती कण सापडले. पण नक्षीदार चांदण्यांच्या बाबतीत बेंटलींचे म्हणणे अजून टिकून आहे.

आपल्या अंगणात

आपल्याकडे बर्फ पडत नाही, गारा तेवढ्या पडतात. पण दव आहे, पाऊस आहे, कोळ्याची जाळी आहेत. मार्गशीर्षातल्या एखाद्या पहाटे, ऊन वर येण्यापूर्वी, कुंपणापाशी जाऊन पाहा. बेंटलींचे नियम मोबाइललाही लागू पडतात. यंत्र हलू देऊ नका. हात दगडावर वा कट्ट्यावर टेकवा. मागचे दृश्य साधे व गडद ठेवा. उजेड समोरून वा बाजूने येईल असे उभे राहा, म्हणजे थेंब चमकतात. आणि एका छायाचित्रावर थांबू नका. पन्नास बिघडतील तेव्हा एक साधेल. पावसाळ्यात परातीत पीठ घेऊन थेंब मोजण्याचा खेळ तर घरातली सर्व मुले मिळून करू शकतील.

आई-वडिलांनाही या हकीकतीत विचार करण्याजोगे काही आहे. बेंटलींचे वडील वाईट नव्हते. कष्टाने मिळवलेला पैसा जपून वापरावा, असे वाटणे हा काही दोष नव्हे. आईला तरी बर्फाच्या चित्रांचे पुढे काय होणार, हे कुठे ठाऊक होते? तिला एवढेच दिसले की आपला मुलगा एका गोष्टीकडे तासन् तास मन लावून पाहतो. तेवढ्यावर तिने जुना सूक्ष्मदर्शक पेटीतून बाहेर काढला, आणि पुढे नवऱ्याशी बोलून शंभर डॉलरही मिळवले.

आपल्या घरातही एखादे मूल मुंग्यांच्या रांगेपाशी किंवा फुलपाखराच्या कोषापाशी तासभर बसत असेल. त्याला हाक मारून कामाला लावण्यापूर्वी घटकाभर त्याच्या शेजारी बसून, ते काय पाहते आहे ते आपणही पाहावे. दुधाची वेळ झाली असेल, तर दूध काढून झाल्यावर पाहावे. बेंटलींनीही गाईंचे दूध काढणे कधी चुकवले नाही.