बॅकअप आहे, पण उघडतो का?

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या 'एम्स'मधली संगणक यंत्रणा कोलमडली. नोंदणी, तपासणी अहवाल, बिले, सगळे पुन्हा हाताने लिहायची वेळ आली. रॅन्समवेअरने, म्हणजे खंडणीखोर व्हायरसने, पाच सर्व्हरवरचा सुमारे १.३ टेराबाइट डेटा कुलूपबंद केला होता. घडी बसायला जवळपास दोन आठवडे लागले. रुग्णांच्या नोंदी परत मिळाल्या, त्या हल्ल्यातून वाचलेल्या एका बॅकअप सर्व्हरमुळे.

अशी दुसरी प्रत क्लाउडवर, म्हणजे भाड्याने घेतलेल्या दूरच्या संगणकांवर ठेवता येते. मुंबईतल्या रुग्णालयात पाणी शिरले, तरी हैदराबादच्या डेटा सेंटरमधून काम चालू राहते. अर्थात, क्लाउड काही आभाळात नसतो. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीचे डेटा सेंटर जळाले. काही ग्राहकांचा मूळ डेटा आणि बॅकअप एकाच जागी होते, दोन्ही गेले.

व्हायरसपुढे तर नुसत्या अंतराचाही उपयोग नाही. क्षणोक्षणी आपोआप अद्ययावत होणारी प्रत बिघडलेल्या फायलीही इमानेइतबारे उतरवून घेते. म्हणून ठरावीक मुदतीपर्यंत कुणालाच पुसता वा बदलता येणार नाही, अशी जुनी प्रत वेगळी ठेवतात. ती खरोखर उघडते का, हे मात्र अधूनमधून करूनच पाहावे लागते, आणि नेमकी हीच रंगीत तालीम राहून जाते. कोणता विभाग किती वेळात सुरू व्हायला हवा, हेही तेव्हाच कळते. रक्तपेढीला काही मिनिटेच परवडतात; पगारपत्रक दोन दिवस थांबू शकते.