संगणकाने ताळा किती वेळा करावा?

भागाकार झाला की त्याला भाजकाने गुणून बाकी मिळवायची आणि भाज्य परत येतो का ते पाहायचे, ही ताळ्याची पद्धत तुम्हांला ठाऊक आहेच. पण परीक्षेत पाचच मिनिटे उरली, की आपण प्रथम ताळ्यालाच फाटा देतो! संगणकासाठी आज्ञावली लिहिणाऱ्यांपुढेही हाच पेच असतो.

आज्ञावलीत ताळ्याच्या ओळी घालता येतात. ‘येथे भाजक शून्य नसलाच पाहिजे’ अशी अट संगणक काम करता करता तपासतो आणि ती मोडली तर थांबतो. अशा अटीला ‘असर्शन’ म्हणतात. नेहमी लागणाऱ्या आज्ञावलींचे तयार संच म्हणजे ‘लायब्ररी’. ती कोण, कशासाठी वापरील हे लिहिणाऱ्याला माहीत नसते, म्हणून तेथे ताळा हवाच. पण तिचा वापर लाखो वेळा होतो, म्हणून ताळ्याचा खर्चही तितक्या पटींनी वाढतो.

समजा, १० लाख नावांची अकारविल्हे यादी आहे. मधले नाव पाहायचे, नको असलेली अर्धी यादी सोडायची, उरलेल्या भागाचे पुन्हा मधले नाव पाहायचे. या रीतीने जास्तीत जास्त २० नावे पाहून शोध संपतो. मात्र यादी क्रमाने असलीच पाहिजे. ते तपासायचे तर शेजारशेजारच्या ९,९९,९९९ जोड्या पाहाव्या लागतील. वीस तुलनांच्या कामाला दहा लाख तुलनांचा ताळा! म्हणून असा महागडा ताळा आज्ञावलीच्या चाचणीपुरता ठेवतात, किंवा यादी तयार होताना एकदाच करतात. एकदोन तुलनांत होणारा स्वस्त ताळा मात्र कायम ठेवणे शहाणपणाचे.

चाचणी संपली की सगळेच ताळे काढून टाकावेत काय? ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९७३ साली अशा माणसाची तुलना एका नौकाविहाऱ्याशी केली. हा गृहस्थ जमिनीवर सराव करताना जीवरक्षक जाकीट घालतो आणि समुद्रावर जाताना ते काढून ठेवतो!

वाचवलेला ताळा किती महाग पडू शकतो, हे ४ जून १९९६ रोजी दिसले. त्या दिवशी फ्रेंच गियानातील कुरू येथून एरियान-५ हे अग्निबाण प्रथमच उडाले. त्याची दिशा व वेग सांगणाऱ्या संगणकातील आज्ञावली आधीच्या एरियान-४ वरून घेतली होती. तिच्यात सात ठिकाणी मोठ्या संख्येचे लहान जागेत रूपांतर होताना ती न मावण्याचा धोका होता. संगणकावरचा भार ८० टक्क्यांच्या आत राहावा म्हणून चारच ठिकाणी संरक्षण दिले गेले. उरलेल्या तीन संख्या एरियान-४ च्या उड्डाणात मर्यादेबाहेर जाणे शक्य नव्हते. पण एरियान-५ चा आडवा वेग बराच अधिक होता. त्या वेगाशी निगडित संख्या ३२,७६७ ही मर्यादा ओलांडून गेली. मुख्य व राखीव दोन्ही संगणकांत एकच आज्ञावली असल्याने दोन्ही बंद पडले. उड्डाणक्रम सुरू झाल्यापासून सुमारे ४० सेकंदांत अग्निबाण मार्ग सोडून फुटले आणि त्यावरील चार ‘क्लस्टर’ उपग्रहही नष्ट झाले.

चौकशीत असेही आढळले, की संरक्षण का गाळले याचे कारण आज्ञावलीत कोठेही नोंदलेले नव्हते. म्हणजे खर्च पाहून ताळा गाळणे हा गुन्हा नव्हे. पण तो कोणत्या गृहीतावर गाळला ते लिहून ठेवले पाहिजे, आणि परिस्थिती बदलताच ते गृहीत पुन्हा तपासले पाहिजे.

आता तुम्हीच सांगा, यादी २० लाख नावांची झाली तर शोधाच्या तुलना कितीने वाढतील, आणि ताळ्याच्या कितीने?