चिनी जडीबुटी आणि धावणारी मुले

सैन्य व पोलीस भरतीच्या दिवसांत पहाटे रस्त्याने धावणारी मुले आपण सर्वच पाहतो. सोळाशे मीटर ठरलेल्या वेळात संपवायचे, म्हणून बिचारी जीव तोडून धावतात. त्यांतल्या एकाने परवा आम्हांला एक डबा आणून दाखविला. वर चिनी अक्षरे, खाली ‘नैसर्गिक वनस्पती, दम वाढवते’ अशी हमी. ‘फादर, झाडपाल्याचेच आहे, घेऊ ना?’ असे त्याने विचारले. त्याला जे सांगितले तेच येथे थोडे विस्ताराने देत आहोत.

अशा डब्यांत बहुधा दोन वस्तूंचे नाव घेतात. पहिली म्हणजे किड्यावर उगवणारी बुरशी. उसातल्या हुमणीवर मेटारायझियम वापरणाऱ्या शेतकरी बंधूंना हा प्रकार लगेच उमगेल. तिबेटच्या पठारावर व हिमालयात, तीन ते पाच हजार मीटर उंचीवर, एका पतंगाची अळी जमिनीत राहते. बुरशी तिला आतून खाऊन टाकते, आणि बर्फ वितळल्यावर मेलेल्या अळीच्या डोक्यातून काडीसारखा कोंब वर येतो. उत्तराखंडात हिला कीडाजडी म्हणतात. सोन्याच्या तोलाची वस्तू!

हिचे नाव जगभर झाले ते १९९३ साली. त्या सप्टेंबरात बीजिंगमध्ये वांग जुनशिया या धावपटूने दहा हजार मीटरचे अंतर २९ मिनिटे ३१.७८ सेकंदांत तोडले. जुना विक्रम तिने सुमारे ४२ सेकंदांनी मोडला. प्रशिक्षक मा जुनरेन यांनी श्रेय दिले ते कडक सरावाला, या बुरशीच्या काढ्याला आणि कासवाच्या रक्ताला. पुढे २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या तोंडावर रक्ततपासणीनंतर त्यांच्या सातपैकी सहा धावपटूंना संघातून वगळण्यात आले. आम्हांला उत्तेजक औषधे घेण्यास भाग पाडले, असे सांगणारे धावपटूंचे १९९५ सालचे म्हणून एक पत्र २०१६ साली चिनी वृत्तमाध्यमांत आले. वांगचा विक्रम रद्द झाला नाही, तेव्हा तिच्यावर आम्ही ठपका ठेवीत नाही. पण सरावलेल्या सायकलपटूंना ही बुरशी पाच आठवडे देऊन पाहिली, तेव्हा फरक आढळला नाही, एवढे मात्र खरे.

दुसरी वस्तू माहुआंग, म्हणजेच एफेड्रा. ती खरोखर काम करते, आणि भीती आहे ती तिचीच. हे पाने नसल्यासारखे दिसणारे, हिरव्या काड्यांचे झुडूप. चिनी वैद्य सुमारे दोन हजार वर्षे त्याचा काढा थंडीताप व दम्यावर देत आले. १८८५ साली नागाई या जपानी शास्त्रज्ञाने त्यातून एफेड्रीन वेगळे केले. एफेड्रीन नाडी जलद करते, रक्तदाब वाढवते, आणि त्वचेकडील रक्तवाहिन्या आवळते. धावणाऱ्याच्या अंगातली उष्णता बाहेर पडावयाची ती त्याच वाटेने. थकवा जाणवत नाही, म्हणून माणूस थांबतही नाही. चहा-कॉफीतले कॅफीन सोबत असले की ताण अधिकच वाढतो.

जुन्या वैद्यांना याची जाण होती. ज्याला आधीच आपोआप घाम सुटतो त्याला माहुआंग देऊ नये, असे त्यांचे पथ्य. अमेरिकेतील विक्रेत्यांनी मात्र ते नेमके घाम गाळणाऱ्यांनाच विकले! १७ फेब्रुवारी २००३ रोजी स्टीव्ह बेक्लर हा २३ वर्षांचा बेसबॉल खेळाडू फ्लॉरिडातील सराव शिबिरात उष्माघाताने वारला. तो एफेड्राच्या गोळ्या घेत होता. वजन जास्त होते, पोटात अन्न थोडे होते, हेही खरे. पण मृत्यूच्या कारणांत डॉक्टरांनी एफेड्रा धरला. २००४ साली अमेरिकेने अशा पूरक गोळ्यांवर बंदी घातली. स्पर्धेतही ठरावीक प्रमाणाबाहेर एफेड्रीन निषिद्ध आहे.

तेव्हा आईवडिलांनी डबा उलटून पाहावा. एफेड्रा, माहुआंग किंवा एफेड्रीन यांपैकी एकही शब्द असला तर तो मुलाला देऊ नये. आमच्याकडे आलेल्या डब्यावर तर घटकांची यादीच नव्हती. तो आम्ही ठेवून घेतला. आणि धावताना कोणी बरळू लागला, अडखळू लागला, अंग भाजू लागले, तर त्याला सावलीत आडवे करावे, कपडे सैल करावेत, अंगावर भरपूर पाणी ओतून वारा घालावा आणि तसेच दवाखान्यात न्यावे. घाम येतो आहे म्हणून उष्माघात नाही, असे समजून बसू नये.